यमुनेचा दुसरा फोटो

आमच्या घरात माणसं घंगाळात तरंगायची. नवरा-नवरी, गावचे सरपंच, नुकतं जावळ काढलेलं बाळ, दाखल्यासाठी फोटो काढायला आलेले म्हातारे, सगळी एकाच पाण्यात. छापलेले फोटो औषधातून काढले की त्यांच्या अंगावरचं औषध निघून जाईपर्यंत ते साध्या पाण्यात फिरवत ठेवावे लागायचे, आणि त्यासाठी बाबांनी आईच्या माहेराहून आलेलं मोठं घंगाळ ताब्यात घेतलं होतं. पाणी फिरवायचं काम माझं. मी ओट्यावर बसून हातानं हळूहळू पाणी ढवळत राहायची आणि शहापूर तालुक्यातली माणसं एकमेकांच्या अंगावरून निवांत फिरत राहायची. आई जाता-येता डोकावून म्हणायची, "अगो, त्या सरपंचाला उलटा कर, नाकात पानी चाललंय त्याच्या." मग ते फोटो दोरीवर चिमट्यांनी लावायचे. दुसऱ्या दोरीवर आमचे कपडे. कधी दोऱ्या कमी पडल्या की बाबांचा सदरा आणि खर्डीच्या स्टेशनमास्तरांची बायको शेजारी शेजारी वाळत असायची. आईला त्यात काही वाटायचं नाही. बाजारात एखादी अनोळखी बाई दिसली की ती थांबून निरखून बघायची आणि म्हणायची, "तुमी आमच्या घंगाळात होतात ना गो मागच्या आठवड्यात?" त्या बाईच्या चेहऱ्यावर मग जे उमटायचं, त्याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

बाबांची अंधारखोली म्हणजे आमची न्हाणी. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा, खाली मोरी. बाबा आत शिरले की बाहेरून कुणी आंघोळीचं नाव काढायचं नाही, आणि आंघोळीला कुणी आत शिरलं की बाबा दाराशी येरझाऱ्या घालायचे. फोटो पक्का करायच्या हायपो नावाच्या औषधाचा एक वास असतो. तो आमच्या टॉवेलांना होता, साबणाला होता, आणि आईच्या मते सुकटीच्या कालवणालाही होता. आई मुरबाडकडच्या एका खेड्यातली, तांदळाची भाकरी अशी थापायची की तव्यावर ती मधोमध टम्म फुगावी. तिच्या हातचं वालाचं बिरडं खाऊन बाबा म्हणायचे, "उत्तम." ती म्हणायची, "हायपो कमी पडलाय का बघा." आज माझ्या सुनेच्या न्हाणीघरात सुगंधी साबणांची रांग आहे. सगळं छान आहे, पण मला तिथे गेल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

बाबांचा स्टुडिओ कचेरीसमोरच्या उंबराखाली होता. एक पडदा, एक स्टूल, एक आरसा, पावडरचा डबा आणि वरून टपाटप पडणारी उंबरं. गिऱ्हाइकाचे केस विंचरून झाले आणि तो श्वास रोखून बसला की हमखास एक उंबर त्याच्या डोक्यात पडायचं. बाबा ते रुमालानं टिपून पुन्हा सुरुवात करायचे. बाजाराच्या दिवशी हाच स्टुडिओ एस.टी.च्या टपावर चढून शेणव्याला, मुरबाडला, खर्डीला जायचा. पडदा मुरबाडच्या एका पेंटरनं रंगवला होता. तो एरवी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवायचा. बाबांनी त्याला तळं, पायऱ्या आणि राजहंस सांगितला. पेंटरनं राजहंस कधी पाहिला नव्हता, बदकं मात्र भरपूर पाहिली होती. बाबा मरेपर्यंत त्याला राजहंस म्हणत राहिले आणि गिऱ्हाइकं येऊन सांगत राहिली, "आमाला बदकावाला फोटो पायजे." शिवाय एक काळा कोट होता. त्याची पाठ मधोमध उसवून तिला नाड्या लावल्या होत्या, त्यामुळे तो कुणालाही बसायचा. समोरून माणूस वकील दिसायचा, मागून गाठोडं.

बाबांनी कल्याणच्या एका स्टुडिओत काही वर्षं उमेदवारी केली होती. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: एक जुना, वरून डोकावून बघायचा कॅमेरा आणि 'किंचित' हा शब्द. घरी ते साधंच बोलायचे, पण कॅमेरा हातात आला की त्यांची भाषा इस्त्री करून यायची. "हनुवटी किंचित वर. मान किंचित उजवीकडे. कृपया हसू नका." पाड्यावरून आलेल्या एका आजोबांना हनुवटी कळली, मान कळली, पण त्यांनी बराच वेळ अंग चाचपून शेवटी विचारलं, "किंचित कुठशी आसते, बाबा?"

पण बाबांची खरी कला कॅमेऱ्यात नव्हती, पेन्सिलीत होती. खिडकीपाशी एक तिरकी काच होती, तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीनं तिच्यावर बारीक बारीक ठिपके भरायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, तिथे काळं केलं की फोटोत गोरं होतं. देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या रेघा, उन्हानं रापलेलं कपाळ, सगळं बाबा भरून काढायचे. याला आई 'साबण लावणं' म्हणायची. "आज कोनाला साबण लावताय?" बाबा निगेटिव्ह तिच्यापासून लांब सरकवायचे. त्यांचं म्हणणं होतं की माणूस फोटो काढायला येतो तो जसा आहे तसा दिसायला नाही, तेवढं त्याला घरचा आरसा दाखवतो. विशेषतः लग्नाच्या मुलींना ते फार मनापासून साबण लावायचे. भातकापणी आटोपली की गावोगावचे बाप आपापल्या पोरींना घेऊन उंबराखाली यायचे, आणि आमच्या तालुक्यातल्या पोरी गोऱ्या होऊन मुरबाडला जायच्या आणि प्रत्यक्षात पुन्हा सावळ्या निघायच्या. त्याचा कुणाला राग नव्हता. मुरबाडकडचे लोक म्हणायचे, "फोटो शहापूरचा हाय, जरा उन्हात ठेवून मंग बघा." म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी सगळं सुरळीत चाललं होतं. यमुना येईपर्यंत.

यमुना शेणव्याजवळच्या एका गावातली, काळूराम नावाच्या शेतकऱ्याची थोरली मुलगी. माझ्यापेक्षा थोडीशी मोठी. मी तेव्हा शाळेला पाठ दाखवून घरी बसले होते आणि मुली आल्या की त्यांच्या वेण्या घालायला बाबा मला उंबराखाली बोलवायचे. यमुनेचा चेहरा मी पहिल्यांदा मागून पाहिला, म्हणजे आरशात. डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जांभूळ चिरडल्यासारखा डाग होता. जन्मापासूनचा. मी पावडरचा डबा उघडला आणि काय करावं न कळून तसाच धरून राहिले. ती आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "लाव गो, पन त्याच्यावर ऱ्हायची नाय ती. आमी करून बघितलंय." तिच्या बोलण्यात दुःख वगैरे काही नव्हतं. एखाद्या भिंतीला गिलावा का टिकत नाही हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

बाबांनी डाग बघितला आणि त्यांच्यातला कलावंत जागा झाला. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि तोंड डावीकडे वळवायला लावलं, म्हणजे उजवा गाल कॅमेऱ्याकडे येईल. "किंचित." तिनं वळवलं. बाबा कॅमेऱ्यात डोकावले आणि ती पुन्हा सरळ बघू लागली. बाबांनी येऊन हनुवटी धरून वळवली. पुन्हा तेच. असं पुष्कळ वेळा झालं. काळूराम बाजूला उभा राहून कसनुसा हसत होता. शेवटी बाबा म्हणाले, "मुली, इकडे त्या एस.टी. स्टँडकडे बघ ना जरा."

"काय हाय तिथं?"

"काही नाही. नुसतं बघायचं."

"मंग तुमच्याकडं बघते ना. तुमी तरी हाव."

बाबांनी हार मानून सरळ फोटो काढला. पण ती हार तात्पुरती होती. पुढचे काही दिवस ते खिडकीपाशी बसून होते. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. पेन्सिलीला टोक काढायचे, दोन ठिपके द्यायचे, मागे सरकून बघायचे. फोटो छापून झाला तेव्हा त्यांनी तो घंगाळातही मला फिरवू दिला नाही, स्वतः फिरवला. यमुनेचा डावा गाल पेढ्यासारखा गुळगुळीत झाला होता. आईनं दोरीवरचा फोटो बराच वेळ बघितला.

"ही कोन?"

"काळूरामची मुलगी. आली होती ना ती."

"ती नाय ही," आई म्हणाली. "तिची सवत असंल."

बाबा म्हणाले, आजवर त्यांच्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. काळूराम फोटो घ्यायला आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. तो एकटाच आला होता. फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो गेला आणि बाबा आठवडाभर गुणगुणत होते.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी काळूराम पुन्हा उंबराखाली उभा राहिला. तो एका टेम्पोत बसून घाईघाईनं आला होता आणि त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. सकाळी मुरबाडकडचे पाहुणे यमुनेला बघायला आले होते. मुलगा एका कारखान्यात कायम नोकरीला, एकुलता एक, बाप नसल्यामुळे मामा सगळं बघणारे. मुलगी समोर आली, मामांनी फोटो बघितला, मुलीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारला. फोटोवाला इथे येऊन जाब देत नाही तोवर या घरचं पाणी घ्यायचं नाही, म्हणाले. आणि ओटीवर बसून राहिले.

बाबा निघाले. आईला निरोप गेला तेव्हा तिनं मला त्यांच्याबरोबर लावून दिलं. "तू जा गो संगती. हे तिथं पुस्तकातलं बोलतील आनि मार खातील." कॅमेरा बाबांनी गळ्यात अडकवलाच. जाब द्यायला जाताना कॅमेरा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "तो न घेता गेलो तर मी कोण आहे हे त्यांना कसं कळेल?"

काळूरामचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात पेंढ्याची गंजी, शेणानं सारवलेली ओटी, ओटीवर घोंगड्या. पाहुणे तिथे बसले होते, समोर पोह्यांच्या बशा तशाच, पोहे सुकून त्यांच्यावर माशी फिरत होती. मामा ऐसपैस, टोपी घातलेले. मुलगा त्यांच्या शेजारी, नव्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून ताठ बसलेला. घरातून, चुलीच्या बाजूनं, कुणीतरी रडत असल्याचा आवाज येत होता. ती यमुनेची आई होती.

मामांनी फोटो पुढे केला. "हा तुमी काढलेला?"

"होय. आमचाच," बाबा म्हणाले. फोटोवर बोटांचे ठसे उमटले होते, ते त्यांनी रुमालानं पुसले. मला वाटतं त्या क्षणीसुद्धा त्यांना तो फोटो आवडत होता.

"मंग ह्या पोरीचा डाग कुठं गेला?"

"तो निगेटिव्हवर भरला."

"भरला म्हंजे?"

"पेन्सिलीनं."

"म्हंजे आमाला फसवलंत."

"फसवलं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "सुधारलं."

आतलं रडणंसुद्धा थांबलं. मी बाबांच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं, पळायची वेळ आली तर एकत्र पळता यावं म्हणून. पण मामा चिडले नाहीत. ते विचारात पडले. नवरा मुलगा आपल्या चपलांकडे बघत होता. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि मग एखादं दान करावं अशा आवाजात ते काळूरामला म्हणाले, "हे बघा. पोरगी कामाला चांगली हाय असं ऐकलंय. घर पन बरं हाय तुमचं. आमी काय वाईट मानसं नाय. लग्नात पदर ह्या अंगाला जरा ओढून घ्यायचा, चार लोकांत दिसाय नको. झालं." आणि बाबांकडे वळून ते पुढे म्हणाले, "आनि लग्नाचे फोटो तुमीच काढा. पन असेच काढा."

बाबांना एकाच दमात फसवा ठरवून लग्नाचं कामही देण्यात आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय करावं ते न कळणारं हसू आलं. काळूरामच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, तो "हो, हो" म्हणत उठायला लागला. तेवढ्यात यमुना दारात आली. हातात काही नव्हतं, चहाचा ट्रे नाही की पाण्याचा तांब्या नाही. ती मामांकडे गेली नाही. बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"काका, माजा डाग तुमी कोनाला इचारून काढलात?"

बाबांनी तोंड उघडलं. किंचित. "अगं, तुझ्या भल्यासाठीच."

"लगीन झाल्यावर मला रोज त्या फोटोसारखं दिसावं लागंल ना. मंग तुमी रोज येऊन भरनार का पेन्सिलीनं?"

बाबांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला. आई त्यांना रोज टोमणे मारायची, पण ती घरची होती, तिचा हिशेब वेगळा. आजवर कुणा गिऱ्हाइकानं येऊन म्हटलं नव्हतं की माझं जे होतं ते परत द्या.

काळूराम म्हणाला, "येमे, आत जा."

"जाते बा. येवढं इचारते." ती मुलाकडे वळली. "तुमाला काय वाटतं?"

मुलानं मान वर केली. तो चांगला होता दिसायला, हे मला आजही सांगितलं पाहिजे. त्यानं यमुनेकडे बघितलं, मग मामांकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा सांगतील तसं."

"आनि पुढं? भाजीत मीठ किती घालायचं ते पन मामांनाच इचारू?" यमुना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पण तिच्या गालावरचा डाग गडद झाला होता आणि हाताची बोटं पदराच्या टोकात घट्ट गुंडाळलेली होती, ते मी बघितलं. "आमच्यात पदर डोक्यावरनं घेतात मामा. गालावरनं नाय घेत."

मामा उठले. त्यांनी काळूरामकडे बघितलं, म्हणजे तू बोल आता. आणि तो क्षण खरा अवघड होता, कारण काळूरामला यमुनेच्या पाठच्या मुली होत्या, गाव होतं, आणि असं स्थळ त्याच्या दारात पुन्हा येईल याची खात्री कुणीच दिली नसती. त्यानं आधी लेकीकडे पाहिलं, मग खाली, शेणाच्या सारवणाकडे. शेवटी म्हणाला, "पोरीला नाय पटत, तर ऱ्हाऊ द्या."

पाहुणे गेले. बैलगाडीच्या वाटेनं त्यांची धूळ दिसेनाशी होईपर्यंत काळूराम अंगणात उभा होता. मग तो आला, ओटीवर बसला, आणि समोरच्या बशीतले सुकलेले पोहे खाऊ लागला. बाबांनी जायला हवं होतं, पण त्यांना उठवत नव्हतं. यमुना त्यांच्यासमोर येऊन खाली बसली.

"आता आलायच तर फोटो काढा. हाय तसा."

बाबा ताडकन उठले. प्रायश्चित्ताची संधी एवढ्या लवकर सहसा मिळत नाही. त्यांनी तिला भिंतीच्या सावलीत बसवलं, कॅमेरा उघडला, आणि "मान किंचित" म्हणत तिची हनुवटी धरून डावीकडे वळवली. त्यांनी ती मुद्दाम वळवली नाही, याची मी शपथ घेईन. त्यांचा हातच तसा होता.

यमुना हसली. "तुमी नको काका. तुमच्यानं नाय व्हायचं. हिला काढू द्या."

'ही' म्हणजे मी. त्या कॅमेऱ्याला आईनं धूळ पुसायलासुद्धा हात लावलेला बाबांना चालत नसे. मी घंगाळवाली, वेणीवाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यमुनेकडे बघितलं, गळ्यातला पट्टा काढला आणि माझ्या गळ्यात घातला. कॅमेरा मला वाटला होता त्याहून जड होता. मी वरून आत डोकावले आणि घाबरले, कारण त्या काचेत सगळं उलट्या बाजूनं दिसतं. यमुनेचा डाग उजव्या गालावर गेला होता. तिला मधे आणायला मी एका अंगाला सरकले तर ती काचेतून निसटून दुसरीकडेच गेली. मी पुन्हा सरकले, पुन्हा निसटली. माझ्या पाठीशी बाबा पुटपुटत होते, "उजवीकडे, उजवीकडे, तुझ्या उजवीकडे नाही, तिच्या... श्वास रोख... अगं भिंत वाकडी दिसत्ये." काळूराम पोहे खायचा थांबून बघत होता. त्याची बायकोही डोळे पुसत दारात आली होती. मी अंगणभर खेकड्यासारखी आडवी फिरत होते, आणि यमुना सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू फुटत चाललं होतं. ते पुरतं फुटायच्या आत मी बटण दाबलं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाहुण्यांसाठी केलेला शिरा होता, तो कुणीतरी संपवायलाच हवा होता. बाबांना फार लाज वाटत होती आणि ते खाली मान घालून दोनदा वाढून घेऊन जेवले. एस.टी.त घाट उतरताना ते एवढंच म्हणाले, "तू भिंत वाकडी घेतलीस." मग शहापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

आईनं सगळी हकिकत माझ्याकडून ऐकली, बाबांकडून ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीत लाल दिवा लागला आणि मी दाराला कान लावून उभी राहिले. रोल कोरा निघेल असं मला वाटत होतं. बाबा ओली निगेटिव्ह दोन बोटांत धरून बाहेर आले आणि उजेडात उभे राहिले.

"किंचित हललाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पण आलाय."

"लावनार का साबण?" आईनं विचारलं.

"नाही. नुसतं पाणी."

पुढचं इथेच सांगून टाकते. त्या दिवसापासून बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारायला लागले: काय ठेवायचं आणि काय काढायचं. त्यांना वाटलं होतं, आता लोक येऊन म्हणतील की आहे तसाच काढा. पण लोक म्हणाले, काढा हो सगळं, जमलं तर पोट पण काढा. बाबांची पेन्सिल झिजतच राहिली. फरक एवढाच की आता ते विचारून झिजवायचे, आणि माझ्या मते हा फरक लहान नाही. माझी नात हल्ली मोबाइलवर माझा फोटो काढते, तर मी त्यात तिच्या आत्यासारखी दिसते, एकही सुरकुती नाही. त्या मोबाइलला कुणाला विचारायची सवयच लावलेली नाही. मला मात्र बाबा बाजाराच्या दिवशी बरोबर न्यायला लागले, आणि हळूहळू पाड्यांवरच्या बायका पडद्याशी येऊन विचारायला लागल्या, "ती वाकडी चालून काढनारी पोर कुठं हाय? तिच्याकडनं काढायचाय." म्हसा गावच्या जत्रेत एका वर्षी तर बाबा नुसते पडदा धरून उभे होते. पुढे माझं स्वतःचं दुकान झालं, पण ती वेगळी गोष्ट. यमुनेचं लग्न दुसऱ्या वर्षी खर्डीच्या एका गवंड्याशी झालं. तो स्वतःच तिला बघायला आला होता, मामा वगैरे न आणता. फोटो बघून आला होता का, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, नाय, त्याच्या भैनीनं मला बाजारात भांडताना बघितलं होतं.

आता मागे येते. त्याच आठवड्यात यमुना तो फोटो न्यायला आली ती एकटीच, सकाळच्या गाडीनं. आई ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती, मी शेजारी. मी दोरीवरून फोटो काढून तिच्या हातात दिला आणि उगाच दाराच्या चौकटीला रेलून उभी राहिले. मातीची भिंत कललेली, एका कोपऱ्यात पेंढ्याची गंजी, मधे यमुना. कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी, ओठ मिटलेले पण आतून सुटत आलेले, आणि गालावर तो डाग, स्वच्छ, कडा धरून. तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडात नेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

मग म्हणाली, "माजं नाक येवढं मोठं हाय?"

आई वालावरून नजर न उचलता म्हणाली, "हाय."

"मंग आजवर कोनी सांगितलं कसं नाय?"

"सांगतील कसे? सगळे डागाकडं बघत होते ना गो."

यमुना आईकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, फोटो छातीशी धरून, भिंतीला पाठ टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि खिडकीपाशी बसलेले बाबा काय झालं म्हणून उठून बाहेर आले. तेवढ्यात तिची गाडी चुकली. मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती आमच्याच ओट्यावर बसून आईबरोबर वाल सोलत राहिली, आणि दोघी मिळून आमच्या घरातल्या एकेकाच्या नाकाविषयी बोलत होत्या.